येरंगटोल्याचा मुका डब्बा

चंदा गुरनुले चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाच्या लॅबची सहायक आहे. सकाळी कुलूप उघडायचं, साठ संगणक सुरू करायचे, प्रॅक्टिकल संपलं की खुर्च्या आत सरकवायच्या, हे तिचं काम. नोकरीला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत तेच विषय तिने मागच्या बाकावर बसून सोळा वेळा ऐकले. सर बदलत गेले, आणि हळूहळू सरांच्या चुकाही तिला कळायला लागल्या. ती त्या कुणाला बोलून दाखवत नसे. दुपारी लॅब रिकामी झाली की मात्र लिनक्सचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीचा, मूळ कोड उघडून बसायची. बाहेरून आलेली माहिती संगणक आत कशी घेतो, रांगेत कशी लावतो, पुढे कुणाच्या हवाली करतो, हा भाग तिला फार आवडायचा.

"तुले त्याच्यात काय मजा येते?" नवरा प्रवीण विचारायचा. तो ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला.

"तुम्ही क्रिकेट पाहता, मी काऊन विचारते का?" ती म्हणायची.

दसरा झाल्यानंतरच्या सोमवारी लॅबचा फोन वाजला.

"हॅलो, डब्बेवाल्या बाई हायेत का जी?"

"कोणता डब्बा?"

"हत्तीचा. आमी येरंगटोल्यावरून. मी इसरू आत्राम. तुमचा डब्बा बोलतच नाई."

तेव्हा तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका सरांनी धानोऱ्याकडच्या या गावासाठी एक यंत्र बनवलं होतं. धानाच्या बांध्यांभोवती, म्हणजे भाताच्या खाचरांभोवती, बारा खांब रोवले. समोरून मोठं जनावर गेलं की खांब वायरलेसने निरोप पाठवायचा. निरोप हरवू नये म्हणून बाकीचे खांबही तो पुढे ढकलायचे. ग्रामसभेच्या खोलीत पाटीएवढा छोटा संगणक होता, तोच हा डब्बा. तो निरोप वाचून भोंग्यावरून सांगायचा, हत्ती कोणत्या बाजूने आले. सर पुढे नागपूरला गेले. पण जाण्याआधी डब्ब्यावर मार्करने लॅबचा नंबर लिहून गेले होते.

इसरूभाऊंनी सगळं सांगितलं. एकटादुकटा हत्ती आला की डब्बा बरोबर बोलतो. मागच्या आठवड्यात मात्र पूर्ण कळप आला. तेव्हा तो सकाळभर गप्प. माणसं वाचली, पण चार बांध्यांतलं धान गेलं. बंद करून पुन्हा लावला तर एकदम शहाणा.

"म्हणजे जेव्हा पायजे तेव्हाच बोलत नाई," चंदा म्हणाली.

"तेच तर सांगून राह्यलो ना बाई."

तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि गडचिरोलीची एसटी पकडली. प्रवीणने डब्यात पोळ्या बांधून दिल्या. "कोणी पाठवलं म्हणून सांगशील?" त्याने विचारलं. खरं तर तिला कुणीच पाठवलं नव्हतं.

ग्रामसभेच्या खोलीत इसरूभाऊंनी तिला खुर्ची दिली. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, हसरे गृहस्थ. शेजारी त्यांची काकू, सुकरीबाई. भोंग्यावरची सूचना सुकरीबाईंच्याच आवाजात भरलेली होती, आधी गोंडीत, मग मराठीत. गावात तेवढा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, असं सगळ्यांचं मत होतं. त्यांचं स्वतःचंही.

चंदाने डब्ब्याला आपला लॅपटॉप जोडला. डब्बाही लिनक्सवरच चालत होता, आणि धडधाकट होता. बिघाड पाहायचा तर कळप पाहिजे, आणि कळप काही फोन करून येत नाही.

"मंग आमीच हत्ती होतो ना," सुकरीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव बांध्यांवर हजर. प्रत्येक खांबासमोर पाच-सहा माणसं आणि एखादी बैलजोडी. इसरूभाऊंनी शिट्टी वाजवली आणि सगळे खांबांसमोर येरझारा घालू लागले. काहींनी हात नाकासमोर लोंबवून सोंडही केली. हसण्याचा आवाज खोलीपर्यंत येत होता.

डब्बा गप्प झाला. चंदाच्या समोर, अगदी जसा सांगितला होता तसाच.

पण तो बंद पडला नव्हता. त्याचा हिरवा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. तिने आकडे पाहिले. तीन मिनिटांत एकतीस हजार निरोप येऊन धडकले होते. भोंग्याच्या प्रोग्रामपर्यंत पोचला होता फक्त एक.

"झालं काय मग?" इसरूभाऊ घाम पुसत आत आले.

"डब्बा बहिरा नाई, भाऊ. उलट लई ऐकून राह्यला. एक निरोप आला की हातातलं काम टाकून त्याले घ्याले धावते. घेऊन रांगेत ठेवते, तेवढ्यात दुसरा येते. मग तिसरा. रांगेतला निरोप वाचाले त्याले फुरसतच भेटत नाई. चौसष्ट झाले की रांग भरते, बाकीचे फेकून देते. दिवसभर घेते अन् फेकते, घेते अन् फेकते."

"अन् बोलाचं राहून जाते."

"हो."

आता तिने घाई केली. हे ती स्वतःच पुढे हसत सांगते. रांग चौसष्टची आहे ना, मग चार हजारांची करू, असं तिला वाटलं. बदल दहा मिनिटांत झाला. गाव पुन्हा हत्ती झालं. डब्बा पुन्हा गप्पच राहिला. माणसं थकून परतली आणि आंब्याखाली जेवायला बसली. भात, वरण, जवसाची चटणी.

पहिला घास घेतला आणि भोंगा गरजला, "उत्तरेकडून हत्ती आले! घरात या!"

दोघं-तिघं ताट टाकून उठले. उत्तरेला एक बकरी चरत होती. तेवढ्यात भोंगा पुन्हा, "पूर्वेकडून हत्ती आले!"

"मी तर इथी जेवून राह्यली," सुकरीबाई ओरडल्या, "थे कोण बोंबलून राह्यली?"

गर्दी ओसरल्यावर डब्बा आता रांगेत साठलेले जुने निरोप एकेक करून वाचत होता. प्रत्येक निरोप वाचून डब्ब्यातल्या मेमरी कार्डावर नोंदवायचा, मग पुढचा घ्यायचा, म्हणजे अर्धा सेकंद. चार हजार निरोप, अर्धा तास. तेवढा वेळ तो बारा दिशांनी हत्ती आणत राहिला. हसून हसून कुणालाच नीट जेवता आलं नाही. चंदाला आधी लाज वाटली, मग तीही पदर तोंडाला लावून हसली.

दुपारी ती एकटी बसली. ज्या भागाचा कोड तिने वर्षानुवर्षं नुसता वाचला होता, तो आज पहिल्यांदा हात लावून बदलायचा होता. तिने ठरवलं, पहिला निरोप आला की डब्ब्याने 'निरोप आला, धाव' असं सांगणारी बाहेरची घंटाच बंद करायची. मग आपल्या सवडीने जाऊन एका खेपेला सोळाच निरोप उचलायचे, ते प्रोग्रामला वाचू द्यायचे, आणि पुन्हा बघायचं. बाहेर काही उरलं नाही की घंटा परत सुरू. आणि रांग लांब ठेवायची गरजच नाही. हत्ती आता कुठे आहे तेवढंच गावाला हवं. म्हणून प्रत्येक खांबाचा फक्त ताजा निरोप ठेवायचा, त्याच खांबाचा जुना टाकून द्यायचा. बारा खांब, बारा निरोप, सहा सेकंद.

दोनदा डब्बा सुरूच झाला नाही. एका ठिकाणी घंटा पुन्हा लावायची ती विसरली होती. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं.

"आणखी एकदा हत्ती व्हा जी," तिने बाहेर येऊन सांगितलं.

लोक कुरकुरले, पण गेले. यावेळी इसरूभाऊंची शिट्टी वाजली आणि ती तोंडातून काढेपर्यंत भोंगा बोलला, "दक्षिणेकडून हत्ती आले!" मग पश्चिम. मग उत्तर. येरझारा चालू होत्या आणि भोंगाही चालू होता. बांध्यांवरून टाळ्या ऐकू आल्या. सुकरीबाईंनी मान डोलावली. "आता माहा आवाज बरोबर वाटून राह्यला."

निघताना गावाने तिला मोहाचे लाडू दिले.

अठरा दिवसांनी, संध्याकाळी ती भाकरी थापत असताना फोन आला. इसरूभाऊ काय म्हणतात ते नीट ऐकूच येईना, कारण मागे भोंगा सुरू होता. कळप आला होता, बावीस हत्ती. बांध्यांवरची माणसं वेळेत घरी पोचली होती. इतरांनी ठरल्याप्रमाणे लांबूनच मशाली दाखवून आणि डबे वाजवून कळपाला नदीकडे वळवलं होतं. एका बांधीचा कोपरा तेवढा तुडवला गेला.

"बोलून राह्यला बाई डब्बा!" इसरूभाऊ ओरडले. "चूपच होत नाई आता!"

तव्यावरची भाकरी करपली. प्रवीणने ती तशीच खाल्ली.

तो बदल तिने लिनक्सच्या लोकांनाही पाठवला, कारण तसलेच स्वस्त डब्बे इतर ठिकाणीही असणार. चार दिवसांनी कुठल्यातरी परदेशी माणसाचं उत्तर आलं. कल्पना बरोबर आहे, पण दोन ओळींच्या सुरुवातीला जागा जास्त सोडली आहे, आणि एका फंक्शनचं नाव दिशाभूल करतं. चंदाने जागा कमी केली, नाव बदललं, पुन्हा पाठवलं. महिन्याभराने तो बदल तिच्या नावानिशी घेतला गेला.

कॉलेजात ही बातमी पोचल्यावर सत्काराची भाषा सुरू झाली. तिने शाल-श्रीफळाला नाही म्हटलं. त्याऐवजी गुरुवारचं एक प्रॅक्टिकल मागून घेतलं, आणि ते मिळालं. पहिल्या तासाला ती खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. दिव्यानी नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, रांग मोठी केली तर चालत नाही का?"

चंदा गुरनुलेने खडू खाली ठेवला, आणि आंब्याखालच्या त्या जेवणाची गोष्ट सांगायला लागली.