उजेडसर आणि चौथी बाजू

उजेडसरांनी दोन वर्षांत माझ्या कामाला एकदाही 'छान' म्हटलं नाही. जव्हारच्या आयटीआयमध्ये ते फिटरचा ट्रेड शिकवायचे. कानशीने घासून सपाट केलेला लोखंडाचा तुकडा आम्ही पुढे धरला, की ते त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवून खिडकीकडे वळत आणि एक डोळा मिटत. मधून केसाएवढा जरी उजेड आला तरी तुकडा परत. "उजेड दिसतोय," एवढंच म्हणायचे. फार कौतुक करायचं तर, "आज कमी दिसतोय." त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावरच राहिलं.

वर्गात मुलगी मी एकटी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अगदी बोथट कानस दिली, तेव्हा वाटलं, यांनाही मी इथे नको आहे. नव्यांना ते सगळ्यांनाच बोथट देतात, हे आठवड्याने कळलं. "धारेच्या कानशीनं चूकही झटपट होते," म्हणायचे. तळहाताचे फोड फुटले त्या दिवशी माझ्या व्हाइसपाशी, म्हणजे तुकडा आवळून धरायच्या शिकंजापाशी, खोबरेल तेलाची बाटली दिसली. कुणी ठेवली, हे विचारायची सोय नव्हती.

मी लबाडीही करून पाहिली. चौकोनी भोकात चौकोनी गुटका असा बसवायचा, की चारही बाजूंनी फिरवला तरी घट्ट बसेल. माझा ढिला झाला. वरच्या वर्षाच्या एकाने युक्ती सांगितली: कडेवर हातोडीने हळूच ठोक, लोखंड पसरतं, फट बुजते. सरांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि ओळखलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अगं, फट राहिली तर मी शिकवू शकतो. बुजवलीस तर काय शिकवू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवा तुकडा घेतला.

भातकापणी उरकली, दिवाळी आली. दिवाळीनंतर आमच्या पोशेऱ्यातली कितीतरी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. बाबा म्हणाले, "यंदा तूपण चल. हात कमी पडतात." आता मी येणार नाही, असं सरांना सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. रविवारी एसटीतून उतरून आमच्या दारात हजर!

उपदेश नाही, काही नाही. पिशवीतून माझा तो नवा तुकडा गुटक्यासकट काढून त्यांनी बाबांच्या हातात दिला. बाबा घरचा नांगर स्वतः करतात, सांधा त्यांना कळतो. त्यांनी गुटका काढला, बसवला, फिरवून पुन्हा बसवला.

"पाचर नाय ठोकली?"

"नाही."

"हा आमचे पोरीनं केलाय?"

"हो. पण तीनच बाजूंनी बसतो. चौथ्या बाजूनं अडतो, बघा."

माझी मान खाली गेली. एवढा घाट चढून हे माझी चूक दाखवायला आले की काय! तेवढ्यात सर म्हणाले, "चौथी बाजू दिवाळीनंतर शिकवायची आहे."

बाबा गुटका चौथ्या बाजूने बसवून बघत राहिले. चुलीपाशी बसलेली आईच बोलली, "तिचे वाटच्या विटा मी उचलीन. राहू द्या तिला."

मी राहिले. चौथी बाजू बसली. पुढे जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धेत पहिली आले, तेव्हाही सरांनी माझं काम आधी खिडकीकडे नेलं. आज वाडा तालुक्यातल्या एका कारखान्यात मी टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात आहे. हे सगळं त्या माणसामुळे, असं मी सरळ सांगते. आईचा वाटा मात्र माझ्या तोंडून कधी निघत नसे.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला मी बाबांना घेऊन गेले. भाषणं संपल्यावर बाबांनी सरांना विचारलं, आमची पोर कुठे उभी राहायची? गळ्यातल्या हारासकट सरांनी त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. बाबांनी माझ्या व्हाइसचा दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हिचे आईला आणाया पायजे होता. विटा तिनं उचलल्या."

मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन: "आईला घेऊन ये. वर्कशॉप उघडून ठेवायला सांगितलंय."

आम्ही पोचलो तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. वर्कशॉपच्या दारात आईने चपला काढल्या.

"राहू द्या ताई, आत लोखंडाचा कीस असतो," सर म्हणाले, आणि वाकून त्यांनी चपला आईच्या पायांपाशी नीट मांडून ठेवल्या.