दुंदाकाकांची घरची हाळी

अतर्क्य अनुभवांच्या या सदराखाली दर वेळी ‘पुरावा?’ अशी कमेंट टाकणारी ती मीच. आज लिहायची पाळी माझ्यावर आलीय, तेव्हा घ्या उट्टं काढून... हक्क आहे तुमचा.

मी मनीषा. राहते दिघीत, नोकरी चाकणला एका कंपनीत, क्वालिटीला. पार्ट रिजेक्ट झाला की ‘का’ विचारायचं आणि पहिल्या उत्तरावर गप्प बसायचं नाही, हेच माझं काम. घरातही तेच वळण. लहानपणी भावाने पिंपळावरच्या भुताची भीती घातली, तर पप्पांनी आम्हा दोघांना त्याच पिंपळाखाली बसवून पावशेर शेंगदाणे संपवायला लावले. “बुद्ध बसले ते झाड हे, याला काय घाबरता!” विषय तिथेच संपला.

पप्पांनी भोसरीत पत्रा ठोकणाऱ्या मशीनींच्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली आणि त्यात कान घालवले. कानाचं मशीन लावलं की समोरच्याचं बोलणं कळतं. काढलं की मागे ढोल वाजवा, मान वळणार नाही.

तिथले त्यांचे जिगरी दोस्त म्हणजे दुंदाकाका. महादेव कोळी, खेड तालुक्यातल्या भीमाशंकरकडच्या डोंगरातले. चहाची वेळ झाली की काका शॉपच्या दुसऱ्या टोकावरून डोंगरातल्यासारखी हाळी द्यायचे. दोनदा वर चढणारी. प्रेसच्या धडधडाटातही ती पप्पांना बरोब्बर ऐकू यायची म्हणे.

पुढे काकांनी नोकरी सोडून गावच्या जमिनीवर पाहुण्यांना राहायला ‘रानघर’ काढलं. शेणाने सारवलेल्या पाच खोल्या, चुलीवरची नाचणीची भाकरी, रानभाज्या, सकाळी देवराईत फेरी — तिथली पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही. दारात पाटी, ‘गाडीतला स्पीकर गाडीतच ठेवावा.’ शहरातला एक रिसॉर्टवाला जागा मागायला आला, तर काका म्हणाले, “जमीन न्हाई द्यायाची. पाव्हणं म्हनून या, भाकर देतो.” असा माणूस.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हिरडा गोळा करायला गेलेले काका झाडाखाली बसल्या जागी गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, सखूमावशी, एकट्या रानघर चालवतात. यंदा भाद्रपदात मी पप्पांना घेऊन दोन दिवस तिकडे गेले. दुपारी चुलीपाशी बसले होते, तेव्हा मावशी तव्यावरची नजर न काढता बोलल्या.

“त्या दिशी वरनं घरची हाळी दिली व्हती त्यांनी. मी पाव्हण्यांच्या भाकरी थापत व्हते. म्हनलं, येतीलच की आता... ओ दिली न्हाई मी.”

त्यांच्याकडे हाळीला ओ द्यायचीच असते. ऐकलं, हे त्या माणसाला कळायला हवं ना! आणि घरची हाळी म्हणजे ‘आलोय, ताट घे’. ती प्रत्येक घराची वेगळी, फक्त घरच्यांसाठी. काका ती डोंगरावरून उतरतानाच द्यायचे. मी मावशींना म्हटलं, तुमचा काय दोष त्यात? पण असल्या बोलण्याने कुणाचं समाधान होतं का... त्यांनी भाकरी उलटली, एवढंच.

तीनच्या सुमारास पप्पा खोलीत नाहीत असं लक्षात आलं. दोन्ही कानांची मशीनं फळीवरच्या डबीत. हवा दमट, खराब होईल म्हणून काढून ठेवलेलं. जेवताना ‘दुंदाचं झाड कुठलं’ म्हणून विचारत होते ते! आणि बाहेर धुकं असं उतरलेलं की अंगणातला रांजण दिसेना. त्या झाडाच्या वाटेला, चढताना उजव्या हाताला सरळ कडा आहे.

शेजारच्या पाड्यावरचे दोघे दोर घेऊन वर निघाले. मावशी अंगणातल्या खडकावर चढून हाळी देऊ लागल्या.

मी अक्षरशः ओरडले, “मावशी, त्यांना ऐकू येत नाही हो!”

“न्हाई आलं तरी द्यायाची, पोरी. आपलं काम हाय ते.”

तास झाला, दीड तास झाला. मावशींचा आवाज बसला. पाड्यावरचे दोघे हात हलवत परत आले. झाडाखाली कुणी नव्हतं. मी कड्याचा विचार करायचा नाही म्हणून मनात नुसते आकडे मोजत होते. आणि डावीकडच्या खालच्या वाटेवरून आवाज आला, “ओ! आलो, आलो!” चिखलाने बरबटलेले पप्पा धुक्यातून बाहेर आले, तेही हसत. मी त्यांना मिठी मारली, मग रडत रडत यथेच्छ शिव्या घातल्या. त्यांना त्या ऐकू आल्या नाहीत हे बरंच झालं.

मशीन कानात बसवल्यावर ते म्हणाले, “वाट चुकलो गं. दोनच पावलं पुढं असतो तर संपलंच होतं. तेवढ्यात डावीकडून दुंदाची हाळी आली. थांबलो. परत आली. मग तिच्याच मागं चालत आलो.” माझं तोंड बघून स्वतःच ओशाळले. “मला कळतं तो नाही ते. मातीला मीच गेलो होतो त्याच्या. पण आवाज त्याचा.”

मी लगेच कामाला लागले. सवय! आठवणीतला आवाज असणार, भीतीने कानात घुमला असणार... शॉपमध्ये वर्षानुवर्षं ऐकलेलीच हाळी ना ती?

“नाही,” पप्पा म्हणाले. “तीच नव्हती. शेवटाला खाली यायची, लांब. अशी मी कधी नाही ऐकली.”

मावशी खडकावरून उतरल्या. “भाऊ... कशी व्हती? देऊन दाखवा.”

नंतर मी पप्पांची दिघीत पुन्हा कानाची टेस्ट करून घेतली. रिपोर्ट जुन्यासारखाच, तसूभर फरक नाही. त्या दुपारी वर दुसरं कुणी होतं का, हे पाड्यावर घरोघरी जाऊन विचारलं. कुणी नव्हतं. एरवी पाच वेळा ‘का’ विचारलं की मला मूळ सापडतं. इथे पहिल्याच ‘का’वर अडकले, ती अजून तिथेच आहे. कमेंटमध्ये कुणाला सुचलं तर खरंच लिहा.

तर... पप्पांनी आधी मशीन काढून तळहातावर ठेवलं. “यात आपलाच आवाज कर्कश येतो,” म्हणाले. मग तोंडाशी हात धरून त्यांनी हाळी दिली. दोनदा वर चढली, आणि मग लांबत, हळूहळू खाली उतरली.

मावशींनी माझा दंड गच्च धरला. “घरची हाय,” एवढंच म्हणाल्या. मग हात सोडला, डोईवरचा पदर सारखा केला, धुक्याकडे तोंड केलं आणि त्या बसलेल्या, फाटलेल्या आवाजात, होता नव्हता तेवढा जीव काढून ओ दिली.

पप्पा त्यांच्याकडे बघत होते. मशीन हातातच होतं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “दिली का गं वहिनींनी?”

मी होकारार्थी मान हलवली.