कचऱ्यातला डेक

दोन वर्षं दर महिन्याला मी स्वतःच्या हाताने स्वतःला कचऱ्यात टाकत होते, आणि त्याबद्दल लोक मला प्रामाणिक म्हणत होते. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

रायपूरच्या सदर बाजारात खेळण्यांच्या एका दुकानावर एक लांबट हॉल आहे. दर रविवारी दुपारी आम्ही वीस-बावीस जण तिथे पत्ते खेळायला जमायचो. पत्ते म्हटलं की लोकांना तीनपत्ती आठवते, म्हणून आधीच सांगते, हा खेळ वेगळा. यात प्रत्येकाने आपापला साठ पत्त्यांचा डेक घरून बांधून आणायचा. कोणते पत्ते घ्यायचे, कोणते गाळायचे, यातच अर्धी बुद्धी लागते. गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेलेच पत्ते चालायचे, त्यामुळे नवा संच बाजारात आला की जुने डेक पडायचे आणि नवे वर यायचे. मग कोणता डेक सध्या सगळ्यात भारी, यावरून हॉलमध्ये जी भांडणं व्हायची ती पाहून वाटायचं, हे लोक ऑफिसात इतकं डोकं लावत असते तर छत्तीसगडचं कल्याण झालं असतं.

ती भांडणं मिटवायला यादी निघाली. महिनाअखेर सगळ्या डेकची क्रमवारी लावायची आणि तीन गट करायचे. टॉप, मिडल आणि कचरा. ही नावं मी दिलेली नाहीत. ती दिली आमच्या भैयाने. हॉल त्याच्या ओळखीचा, खेळ त्याने सुरू केलेला, म्हणून सगळे त्याला भैया म्हणायचे. तो रेल्वेत होता. घरचे मूळचे विदर्भातले, आमच्यासारखेच. हॉलमध्ये सगळ्यांशी हिंदीत बोलायचा आणि माझ्याशी मराठीत. तो मला दीदी म्हणायचा आणि मी त्याला भैया, म्हणजे हिशोबाने आम्ही दोघंही एकमेकांपेक्षा लहान.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. नवा रायपुरात एका सरकारी संस्थेत मी नोकरी करते. तिथेही बैठकीची टिपणं माझ्याकडेच येतात, कारण अक्षर चांगलं. अक्षर चांगलं असण्याइतका मोठा गुन्हा बाईने करू नये, हे मला फार उशिरा कळलं. दर रविवारी मी रजिस्टर घेऊन बसायचे, जोड्या लावायचे, डाव संपला की कोण जिंकलं ते लिहायचे, आणि महिनाअखेर कोणत्या डेकने किती डाव मारले ते पाहून यादी लावायचे. भैया ती वाचायचा, मान हलवायचा आणि दुकानाच्या काचेवर चिकटवायचा.

आता खेळणारे विषम असले की एक जण उरतो. अशा उरलेल्याला तो डाव फुकट मिळतो, त्याला बाय म्हणतात. पण माणूस रविवारी पंचवीस मिनिटं भिंतीकडे पाहत बसायला येत नाही. म्हणून आमच्या हॉलची रीत अशी की उरलेल्याशी लिहिणाऱ्याने खेळायचं. म्हणजे मी. डाव खरा, पत्ते खरे, घाम खरा. फक्त निकाल आधीच ठरलेला. मी जिंकले तरी रजिस्टरमध्ये तो जिंकला असंच पडायचं, कारण त्याला बाय होता. आणि ते मीच लिहायचे.

मी जिंकायचे. सारखी जिंकायचे, हे आता मी अजिबात न लाजता सांगते. माझा डेक हल्ला करत नाही. तो समोरच्याला थांबवत राहतो आणि हळूहळू त्याचे पत्ते संपवतो. पत्ता ओढायची पाळी आली आणि ओढायला पत्ताच नसला की तो हरला. हा डेक मी वर्षभर एकेक पत्ता बदलत बांधला. सरकारी कामात कुणाला कसं थांबवून धरायचं हे मी रोजच पाहते, त्याचा कुठेतरी उपयोग झाला म्हणायचा. समोरचे वैतागायचे. "दीदी, ये भी कोई खेलना हुआ," असं म्हणत पत्ते गोळा करायचे आणि उठताना रजिस्टरकडे बोट दाखवायचे. मेरा लिख देना. मी लिहायचे.

आणि महिनाअखेर यादी लावताना माझ्या डेकपुढे शून्य. शून्य म्हणजे कचरा, सगळ्यात खाली. मी तो तिथेच ठेवायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "दीदी कितनी ईमानदार है, अपना डेक भी नीचे रखा है," तर मला छान वाटलं होतं. मला छान वाटलं होतं, याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

घरी गेल्यावर बाबा विचारायचे. पुरानी बस्तीतलं आमचं घर लहान आहे, दार उघडलं की समोर बाबांची खुर्ची. "आज कितवा नंबर आला?"

"माझा नंबर नसतो, बाबा. मी लिहिते."

"मंग जाते काहून?"

का जाते हे सांगायचं सोडून मी चहा ठेवायला आत जायचे.

मग नागपूरच्या स्पर्धेची बातमी आली. मोठी स्पर्धा, प्रत्येक गावाने तिघांचा संघ पाठवायचा. आमच्या हॉलमधून पहिल्यांदाच संघ जाणार होता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी ऑफिसात आधीच दोन दिवसांची रजा टाकली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यात कधी कोणत्या संघात नव्हते मी. शाळेत खो-खोच्या वेळी बाईंनी शिट्टी हातात दिली होती.

त्या रविवारी भैयाने उभं राहून सांगितलं की भांडण नको, यादीतले पहिले तीन जातील. दोन नावं रेल्वेतल्यांची होती, तिसरं त्याचं स्वतःचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रजिस्टर बंद करून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाले, "माझे डाव मोजलेच नाहीत."

तो हसला. चिडून नव्हे, खरंच मजा वाटल्यासारखा. "दीदी, तू त लिहून राहिली होती न. मंग खेळली कधी?"

"दर रविवारी खेळली. ज्याले ज्याले बाय भेटला त्याच्याशी."

"ते बाय असते. त्याचा हिशोब नसतो. तूच त लिहिलं, तुझंच अक्षर हाय."

माझंच अक्षर होतं. ते कुठेही नाकारता येत नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा राग आलाच, पण त्याहून मोठा राग माझ्या उजव्या हाताचा आला. मी उभी राहिले आणि सगळ्यांना विचारलं, हिंदीत, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. बायच्या डावात ज्याने ज्याने मला हरवलंय त्याने हात वर करावा.

हॉलमध्ये तेव्हा वीसेक माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी बाय मिळाला होता. कोणी मोबाइल पाहू लागलं, कोणी पत्ते पिसू लागलं. शेवटी एका बँकवाल्याने हात अर्धा वर केला. एकदा जिंकलो होतो, पण त्या दिवशी तुम्हाला ताप होता, असं त्यानेच सांगितलं. त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. बाकी एकही हात वर आला नाही. भैया म्हणाला, "चलो, अगला राउंड लगाओ," आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी राउंड लावला नाही. पर्स उचलली आणि निघाले.

जिना अरुंद आहे. अर्ध्या जिन्यात तो मागून आला. बाहेर सदर बाजारातल्या गाड्यांचे हॉर्न चालू होते, म्हणून तो खाली वाकून बोलला.

"रागावू नको दीदी. एक काम होतं."

मला वाटलं माफी मागतोय. खरंच तसं वाटलं.

"तुझा डेक देशील का? नागपुरात नेतो. तिथं असा डेक कोणी खेळत नाही, कोणाची तयारीच नसन. समोरचा पागल होऊन जाईन. मीच खेळीन तो."

हॉर्न वाजत होते, खाली एक मोटरसायकलवाला कापडाचे गठ्ठे घेऊन गर्दीत अडकला होता आणि सगळ्यांना शिव्या देत होता. त्या शिव्या मी उसन्या घ्याव्यात असं मला वाटलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. ज्या डेकला दर महिन्याला कचऱ्यात पाहून तो मान हलवून यादी काचेवर चिकटवायचा, तो हॉलमधला सगळ्यात भारी डेक आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. डेक पाहिजे होता. डेकवाली नको होती.

"कचरा नेऊन काय करशीन?" मी विचारलं.

"अरे ते लिस्ट वेगळी न, दीदी. लिस्ट आपल्या घरची हाय. तिथं जिंकायचं हाय."

तो हे इतक्या साधेपणाने बोलला की त्याला त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. लबाड माणसाशी भांडता येतं. ज्याला आपण काही केलंय हेच माहीत नाही त्याच्यापुढे माणूस हात चोळत बसतो. मी नाही म्हणाले. तो "सोच लेना" म्हणून वर गेला.

घरी आले तर बाबा खुर्चीत. माझा चेहरा पाहून म्हणाले, "कोणाशी भांडून राहिली होती?"

"अजून नाही भांडली. आता भांडते," मी म्हटलं आणि रजिस्टर काढलं. ते माझ्या पर्समध्येच राहिलं होतं, कारण दोन वर्षं ते वाहायचं कामही माझंच होतं.

जेवणाआधी मी बसून दोन वर्षांचे सगळे बाय शोधले. एकेक बाय म्हणजे माझा एकेक डाव. ज्यात हरल्याचं आठवत होतं तो समोरच्याला दिला, शंका होती तोही त्यालाच दिला, बँकवाल्याचा तर दिलाच. राहिलेले माझ्या डेकपुढे मांडले. मग नव्याने यादी लावली. टॉप गटात पहिला माझा डेक आला, आणि दुसरा त्याच्या इतका खाली होता की मला मध्ये एक ओळ मोकळी सोडावी लागली. भैया चौथा गेला. मी स्वच्छ अक्षरात यादी उतरवली, फोटो काढला आणि आमच्या हॉलच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, की पहिले तीन जातील असं ठरलंय.

पंधरा मिनिटांत ग्रुप पेटला. एकाने लिहिलं ही यादी खोटी आहे. एकाने लिहिलं, दीदी से ये उम्मीद नहीं थी. स्वतःच यादी करून स्वतःलाच वर ठेवते, ही बेइमानी आहे, असं तिसऱ्याने लिहिलं. भैयाने लिहिलं की रजिस्टर परत दे, प्रत्येक ओळ तपासायला लागेल.

बाबांनी विचारलं काय चाललंय. मी म्हणाले, "ते सगळे यादी तपासून राहिले, बाबा. दोन वर्षांत पहिल्यांदा."