देवमाशाचा वास

माझी आई रत्नागिरीहून सुके बोंबील पाठवायची, कागदांत गुंडाळून वर जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले. इंग्लंडात स्लाऊला नवे होतो तेव्हा आम्ही नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सीनियरच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. गृहस्थ पुण्याचे, मी त्यांना भाऊजी म्हणायचे. एका रविवारी मी बोंबील भाजले, तर हे महाशय नाकाला रुमाल लावून किचनमध्ये आले आणि अख्खं पुडकं बाहेरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून मोकळे. वर मला म्हणाले, "वहिनी, माणसांचं घर आहे हे." आईने कावळे हाकत उन्हात बसून वाळवलेले बोंबील ते. नवरा म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे काय, डोंबल! आम्ही घर बदललं, पण मी विसरले नाही.

भाऊजींना देवमाशांचं भारी वेड. करडे देवमासे बोटीला येऊन खेटतात, माणसाला हात लावू देतात, पण ते तिकडे मेक्सिकोला. इकडे स्कॉटलंडला निदान मिंकी जातीचे दिसतात, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. दर उन्हाळ्यात ते जायचे आणि हात हलवत परत यायचे. त्या वर्षी नवी लांबलचक लेन्स घेऊन ऑफिसातल्या सगळ्यांनाच तिथल्या मल नावाच्या बेटावर घेऊन गेले. नवऱ्याला नाही म्हणता येईना, म्हणून मीही गेले.

बोट छोटीशी, मध्ये केबिन, दोन्ही कडांना बाकं. बोट चालवणाऱ्या बाईने निघतानाच बजावलं, देवमासा दिसला तर ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा. आणि मिंकी दिसण्याआधी त्याच्या श्वासाचा वास येतो, कुजक्या कोबीसारखा. भाऊजी तेव्हा लेन्स बसवता बसवता आम्हालाच लेक्चर देत होते. बाईचं ऐकतंय कोण?

समुद्रात इंजिन बंद करून थांबलो. माझ्या मांडीवर स्टीलचा डबा होता. आणि आला की वास, कुजका, अगदी तोंडावर. मला लगेच कळलं. भाऊजींनाही कळलं, त्यांच्या परीने. सगळ्यांदेखत माझ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, इथेही बोंबील आणलेत? निदान झाकण तरी घट्ट लावा." मग रुमाल काढला आणि केबिनच्या पलीकडे आमच्याकडे पाठ करून बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईचा हात वर गेला. काळीभोर ओली पाठ पाण्यातून वर आली, इतकी जवळ की वाकले असते तर हात लागला असता. श्वासाचा फवारा माझ्या चष्म्यावर उडाला. सगळे तोंडावर हात धरून बघत राहिले. नवरा भाऊजींना बोलवायला उठला. मी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. देवमासा आमच्याच बाजूला पुन्हा एकदा वर आला आणि गेला. भाऊजी पलीकडे रिकाम्या पाण्यावर लेन्स रोखून बसले होते. स्लाऊला आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर काही दिसलं नाही. धक्क्यावर उतरल्यावर सगळे एकदम बोलायला लागले आणि भाऊजींचा चेहरा पडला. मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. आत गुळाच्या पोळ्या होत्या.

"तो वास देवमाशाचा होता, भाऊजी."

ते पोळ्यांकडे बघतच राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला एक हाक मारायचीत हो, वहिनी."

"मारली असती," मी म्हटलं, "पण तुम्हाला वास सहन होत नाही ना."