रुद्रय्याचा कोपरा

आकाराम इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करतो आणि रविवारी कोल्हापुरात बास्केटबॉलचा रेफ्री म्हणून मिरवतो. मी टेबलावर घड्याळ सांभाळतो, त्यामुळं त्याचा ताठा मी अठरा वर्षं झेललाय.

त्याचा जोडीदार कागलचा रुद्रय्या. सामन्याआधी दोघं चहाच्या गाड्यावर बसायचे. आकाराम सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकड्यावर मैदान काढायचा. हा कोपरा तुझा, हा माझा. शिट्ट्या एकदम वाजल्या तर मूठ वर धरून थांबायचं, एकमेकांकडं बघायचं, आणि ज्याचा कोपरा त्यानंच निर्णय द्यायचा. पंधरा वर्षं त्यांचं कधी वाजलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कागलचा संघ अंतिम सामन्यात होता. शेवटच्या मिनिटाला रुद्रय्याच्या कोपऱ्यात धडक झाली, दोन्ही शिट्ट्या वाजल्या. आमच्या शहाण्यानं, आकारामनं, रुद्रय्याकडं न बघताच कमरेवर हात ठेवून, म्हणजे वाट अडवल्याची खूण करून, कागलच्या पोराचा फाऊल दिला. त्याच क्षणी रुद्रय्यानं तळहातावर मूठ मारून, म्हणजे अंगावर धडकल्याची खूण करून, फाऊल समोरच्या संघाचा दाखवला. लोक रुद्रय्यावर खवळले.

"गाववाल्यांना जिंकवतोस व्हय रं?"

कोपरा रुद्रय्याचा आहे, एवढंच आकारामनं सांगायचं होतं. तो गप्प राहिला. रुद्रय्यानं त्याच्याकडं बघितलं, हात खाली घेतला आणि म्हणाला, "तुझंच ऱ्हाऊ दे." कागल हरलं. रुद्रय्या पुन्हा मैदानावर आला नाही.

आकाराम फोन करतो. रुद्रय्या उसाचं, नातीचं सगळं बोलतो, सामन्याचं नाव काढत नाही. त्याच्या आठवणीनं आकारामचा जीव तुटतो. गाड्यावर एकटाच बसून तो अजून बोटानं मैदान काढतो आणि पुसून टाकतो.

गेल्या रविवारी जोडीला प्रियदर्शनी होती, नवीन रेफ्री. तिच्या कोपऱ्यात धडक, दोन शिट्ट्या. आकारामनं मूठ धरली, तिच्याकडं बघितलं, हात खाली घेतला. तिनं निर्णय दिला तसे लोक तिच्यावर ओरडले. हा थेट त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "कोपरा तिचा हाय. तिनं दिलं त्येच खरं."

सामना संपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. "एवढंच बोलायचं हुतं की रं तवा."

"मग त्याला सांग की," मी म्हणालो.

त्यानं तिथूनच स्पीकरवर फोन लावला. रुद्रय्याचं नातीबद्दलचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रुद्रय्या, त्यो कोपरा तुझा हुता."



"ठावं हाय की," रुद्रय्या म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडं बघितलं हुतं."