फाऊल नव्हता तो!

कळसच्या हँडबॉलवाल्या पोरींनो, हादरलेय मी!

आज बारामतीत नणंदेकडं टीव्हीवर देशातली सगळ्यात मोठी हँडबॉल लीग लागली होती. एका पोरीनं गोलपुढच्या रेषेबाहेरून आत उडी मारली, हवेतच बॉल फेकला आणि गोल!

मी ओरडले, "वन्सं, फाऊल!"

"फाऊल कसला? पाय टेकायच्या आधी बॉल सुटला की चालतंय."

म्हणजे नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या फायनलला वन्संच्या टीमनं आपल्याविरुद्ध मारलेला गोल खरा होता? आपले सर कबड्डीचे. रेष ओलांडली की बाद, एवढंच त्यांनी शिकवलं. 'चिटिंग' म्हणत ते आपल्याला मॅच अर्धी सोडून घेऊन गेले!

"मग तवाच का न्हाय सांगितलं?"

"सांगाय पळत आले व्हते, वयनी. तुमची एष्टी सुटली व्हती."

सर अजून त्या गोलला शिव्या घालतात. आता त्यांना कोण सांगणार?