नेहमीसारखाच आवाज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पुण्याच्या दादाला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हालाच सांगतेय. आणि सांगताना माझी छाती अजून त्या दिवसासारखी धडधडतेय. भीतीने नव्हे हं, आनंदाने! कारण ज्या दिवशी मी हे पाप केलं तो आमच्या घरातला वर्षातला सगळ्यात मजेचा दिवस होता. आता बोला.

पण आधी अप्पांच्या कानांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील, अप्पा, कोर्टातून रिटायर झाले ते लोक विसरले. पण त्यांचे कान आमच्या धारवाडच्या सगळ्या केलगेरीला ठाऊक. कुणाची स्कूटर कुरकुरली की आधी आमच्या फाटकाशी यायची. अप्पा खुर्चीतून उठायचे नाहीत. डोळे मिटायचे, "रेस दे" म्हणायचे, आणि मग, "प्लग काढून पूस." बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागायचं. आणि स्वतःची पांढरी ॲम्बॅसिडर? तिचं इंजिन तर ते गाणं ऐकावं तसं ऐकायचे. चहावर साय धरली तरी मधे बोलायचं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दादाने त्यांना पुण्याला नेलं. जाताना अप्पांनी मला बजावलं—दर रविवारी गाडी चालू करायची आणि फोनवर ऐकवायची. पहिल्या रविवारी मी शहाण्यासारखी गाडी चालू केली. बॉनेटपाशी फोन धरला, ते म्हणाले "आता रेस दे," मी दिली. "वा! काय गोड चालतेय!" नवऱ्याच्या मोबाइलवर मी तो आवाज रेकॉर्डही करून ठेवला. का? हौस म्हणून. की तेव्हाच मनात काही होतं? आता मलाही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी पाऊस. धारवाडचा पाऊस, चिकट पाहुण्यासारखा, उठायचं नावच घेत नाही. मी अंथरुणातच होते. अप्पांचा फोन आला. मी पडल्या पडल्या किल्ल्या वाजवल्या, हात लांब करून कपाटाचं दार धाडकन लावलं—हे गाडीचं दार!—आणि नवऱ्याच्या मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग फोनजवळ लावलं. अप्पा म्हणाले "आता रेस दे," आणि बोलाफुलाला गाठ पडावी तशी नेमकी तेव्हाच त्यात रेस आली! मी उशीत तोंड खुपसून हसले. हो, हसले.

मग काय, दर रविवारी तेच. रेकॉर्डिंगच्या शेवटी शेजारचं कुत्रं भुंकत होतं, तेवढं मी कापून टाकलं. नुसता आळस असता तर कुत्रं राहिलं असतं की नाही? आणि मी कोण, तर शाळेत कॉपी केली म्हणून पोरांचे कान पिळणारी बाई! इकडे मास्तरीणबाईला अक्कोर म्हणतात, अख्खी गल्ली मला अक्कोर अक्कोर करते.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर हसत हसत कधीच सांगून मोकळी झाले असते की हो.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी दादाचा फोन: अप्पांना घेऊन निघालोय, दुपारपर्यंत पोचतो. धावत जाऊन गाडीवरचं कव्हर ओढलं. चाकं बसलेली, बॅटरी मेलेली, बॉनेटखाली उंदरांनी नारळाच्या शेंड्यांचा संसार थाटलेला! समोरचे हनुमंतअण्णा इथल्याच बेलूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकते आले होते. ते तसेच मदतीला आले. उंदरांचं घर काढलं, चाकांत हवा भरली, नवं पेट्रोल घातलं, कुणाची तरी जुनी बॅटरी आणून जोडली. दिवे लागले! पण इंजिन फिरवायची ताकद काही तिच्यात नव्हती.

तेवढ्यात दादाची गाडी वळलीच. अप्पा काठी टेकत उतरले. "काय झालं गं?"

"बॅटरी उतरली, अप्पा. कालपरवाच."

किती सहज आलं तोंडातून! आणि अप्पा रागावतील? छे! ते तर खुलले. "मग ढकला की! बघताय काय?" काठी दादाच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर चढून बसले. स्टिअरिंगवर मी. सेकंड गिअर, क्लच दाबलेला. मागे दादा, नवरा, हनुमंतअण्णा, दूधवाला, बघायला आलेले सगळे. "दब्ब्री! जोर दब्ब्री!"—ढकला, जोरात ढकला—हनुमंतअण्णा ओरडत होते. गाडी हलली, सरकली, तळ्याकडच्या उताराला लागली. "सोड क्लच!" अप्पा ओरडले. सोडला—हिसका, खोकला, काळा धूर—आणि धडधडधड!

"चालू आत नोड्री!"—चालू झाली बघा—मागून आरोळी आली, शिट्ट्या वाजल्या. अगं बाई, काय सांगू तुम्हाला! मी हॉर्न दाबतच सुटले. हसू येत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, कितीतरी महिन्यांनी ती म्हातारी पळत होती आणि माझे अप्पा शेजारी पोरासारखे टाळ्या वाजवत होते.

तळ्यापाशी थांबवली. अप्पांनी डोळे मिटले. "आता रेस दे."

दिली. इंजिन लंगडत होतं. मला, ज्या बाईला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही तिलासुद्धा ऐकू येत होतं. मधेच एक ठोका गळत होता, आतून खडखड येत होती. अप्पांनी डोळे उघडले.

"सुमा, परवा रविवारी तर गोड होती गं." मग जरा थांबून, हळूच, "तुला कसा येतोय आवाज? नेहमीसारखाच?"

लोक अजून मागून पळत येत होते. गाडीत आम्ही दोघंच. एक वाक्य बोलायचं होतं—अप्पा, मी चालूच केली नव्हती. रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, मग जन्मभर चिडवलं असतं. बस! याहून जास्त काय झालं असतं?

मी म्हणाले, "नेहमीसारखाच की, अप्पा."

हाच तो माझा गुन्हा. हे तीन शब्द.

त्यांनी कानाच्या पाळीला बोट लावलं. "मग माझेच कान गेले," म्हणाले. तोवर सगळे पोचले, बॉनेटवर थापा मारायला लागले, आणि अप्पा त्यांच्यात मिसळून हसले. घरी पेढे वाटले. मीही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी गाडी रायापूरच्या गॅरेजला गेली, नीट होऊन आली. त्यानंतर हनुमंतअण्णा आपली स्कूटर घेऊन फाटकाशी आले, तर अप्पा म्हणाले, "गॅरेजला दाखव रे बाबा. या कानांचं आता काही खरं नाही." आणखी एकदोघांना तेच सांगितलं. आता कुणी येत नाही.

हल्ली दर रविवारी मी खरोखर गाडी चालू करते. अप्पा पडवीत पेपर घेऊन बसतात, जवळ येत नाहीत. तिथूनच विचारतात, "कशी वाजतेय गं?" ते मला विचारतात! आणि मी सांगते, छान.

काल इंजिनातून बारीक टकटक येत होती, अगदी बारीक. पडवीतून पार बारा हात लांबून अप्पांची मान झटकन वर झाली. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्यांनी मान हलवली आणि परत पेपरात घातली.